एक सांगायचं, एक ऐकायचं

तंजावरात उतरलेल्या पाहुण्याला पहिल्या तासाभरात कुणी ना कुणी सांगतंच, की मोठ्या देवळाच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. रिक्षावाला सांगतो, फुलवाली सांगते, कॉफी आणून देणारा पोऱ्याही सांगतो. लहानपणी शाळेतून ही बातमी मी घरी आणली, तेव्हा आजोबांनी ती नीट ऐकून घेतली आणि "कुठे पाहिलंस?" एवढंच विचारलं. ऊन कलल्यावर ते मला बृहदीश्वराच्या आवारात घेऊन गेले. राजराज चोळाने 1010 मध्ये पूर्ण केलेलं ते दोनशे फुटांहून उंच शिखर, आणि त्याची सावली फरसबंदीवर ऐसपैस पसरलेली. तिच्या गारव्यात चार माणसं बसली होती आणि त्यांतला एक जण बाकीच्यांना सांगत होता, की या शिखराची सावली पडत नाही.

आजोबांनी त्याला हटकलं नाही. रात्री जेवताना मात्र ही हकिगत सगळ्यांना सांगायला लावली. आमच्या घरचा तसा रिवाजच होता. पानावर बसलं की प्रत्येकाने त्या दिवशी नव्याने कळलेलं काहीतरी सांगायचं. मोठं काही नको, चिमूटभर चालेल. पण एकतर ते स्वतः पाहिलेलं असावं, नाहीतर पाहणाऱ्याचं नाव सांगता यावं. सांगून झालं की दुसऱ्याचं ऐकायचं. नुसतं सांगणारा आणि नुसता ऐकणारा, दोघेही आजोबांना सारखेच नापसंत. आपल्याला ठाऊक आहे ते इतरांना हळूहळू शिकवण्याचा समर्थांचा उपदेश त्यांना तोंडपाठ होता. त्याला ऐकून घेण्याची जोड त्यांनी पदरची दिली होती.

आईची माहिती पानाभोवतीची असे. केळीच्या पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला का, तर उजव्या हाताने जेवायचं, म्हणून पानाची रुंद बाजू भातासाठी तिकडे मोकळी. धाकटा भाऊ एकदा तंजावरची डोलणारी बाहुली फोडून जेवायला आला. कितीही ढकलली तरी उभी राहणारी ती बाहुली. तिचा बुडखा गोल आणि मातीने जड असतो, वरचा भाग हलका, त्यामुळे तोल कायम खालीच राहतो. हे त्याने इतकं मुद्देसूद सांगितलं, की आईला रागवायला जागा उरली नाही.

आजोबा मोडी वाचत. भोसल्यांच्या दरबाराचे कागद मोडीत आहेत आणि ते वाचणारी माणसं त्या काळीही मोजकीच उरली होती. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी 1670 च्या दशकात तंजावर घेतलं, तेव्हा आणि त्यानंतर जी मराठी घरं कावेरीकाठी येऊन राहिली त्यांतलंच आमचं एक. पण आजोबांच्या सांगण्यात लढाया फारशा नसत. त्यांचा लाडका राजा होता दुसरे सरफोजी, आणि तोही ज्याच्या हाती राज्य उरलं नव्हतं असा. सरफोजी 1798 मध्ये गादीवर बसले आणि 1799 च्या तहाने कंपनीने राज्यकारभार आपल्याकडे घेतला; राजाकडे राहिला किल्ला आणि भोवतालचा थोडा परिसर. मग हा राजा करत काय होता? आजोबा म्हणत, "आपण करतो तेच. कळलेलं सांगत होता."

आणि ते खरंच आहे. सरफोजींनी छापखाना काढला, देवनागरी खिळे घडवून घेतले आणि मुंबईत मराठी ग्रंथछपाईने बाळसं धरण्याआधीच तंजावरात इसापाच्या गोष्टी 'बाळबोध मुक्तावली' या नावाने मराठीत छापल्या. धन्वंतरी महालात औषधं पारखली जात, आणि गुण आलेले उपाय तमिळ पद्यात बांधून ठेवले जात, म्हणजे वैद्याला ते पाठ करता यावेत. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. पण मला सगळ्यांत आवडतं ते 'देवेंद्र कोरवंजी'. कोरवंजी हा तमिळ मुलखातला लोकप्रिय नाट्यप्रकार. त्यात विरहाने झुरणाऱ्या नायिकेकडे एक भटकी कोरवीण येते, आपल्या डोंगरदऱ्यांचं वर्णन करते आणि हात पाहून भविष्य सांगते. सरफोजींनी मराठीत कोरवंजी लिहिली आणि तिच्यात कोरविणीच्या तोंडी घातला जगाचा भूगोल! खंड, देश, समुद्र, सगळं गाण्यांतून. सरस्वती महालाने ते नाटक पुढे छापून प्रसिद्धही केलं.

हे मला कळलं तेव्हा भूगोलाच्या पुस्तकाचा मला मनस्वी कंटाळा होता. राजाने मात्र बरोबर ओळखलं होतं, की पृथ्वीची माहिती पंडिताच्या तोंडून ऐकली तर झोप येते. दारोदार हिंडणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकली तर कान टवकारतात. ती हिंडलेली असते. तिला "कुठे पाहिलंस?" असं विचारता येतं.

शाळेत माझी जिवलग मैत्रीण तमिळ होती. तिला मी देवळाच्या प्राकारातल्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीपाशी नेऊन 'भोसले वंशचरित्र' दाखवलं. सरफोजींनी 1803 मध्ये कोरून घेतलेला हा भलामोठा मराठी शिलालेख, अक्षरं देवनागरी. मी त्यातल्या ओळी वाचायला लागले आणि ती डोळे विस्फारून पाहत राहिली. चोळांच्या देवळाची भिंत आमच्या घरातली भाषा बोलत होती. मी बरीच फुशारले असणार, कारण दुसऱ्या दिवशी ती परतफेड घेऊन आली. तिचे वडील तमिळ शिकवत. त्यांनी तिला सांगितलं होतं, की राजराजाने देवळाच्या दगडावर नाचणाऱ्या 400 स्त्रियांची नावं कोरून ठेवली आहेत. कोण कुठल्या गावच्या देवळातून आली, तिला कुठल्या आळीतलं कितवं घर दिलं आणि वर्षाला किती भात मिळणार, यासकट. त्यांच्यामागून येतात नाच शिकवणारे नट्टुवनार, वादक, शिंपी, कुंभार, परीट, न्हावी, हिशेबनीस.

रात्री पानावर मी हे सांगितलं तेव्हा आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्या भिंतीवर राजेच राजे आहेत. तिच्या भिंतीवर परीट आहे." त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला इतिहासाचा धडा, आणि तो त्यांना एका शाळकरी तमिळ मुलीकडून मिळाला होता.

त्या मैत्रिणीच्या आजीबरोबर आमची आजी हरिकथेला जायची. कथेकरी तमिळमध्ये आख्यान लावायचे आणि मध्येच साकी किंवा दिंडी यायची. आजी मांडीवर ताल धरायची, शेजारीण तिच्याकडे कौतुकाने पाहायची. याचंही कारण आजोबांकडून कळलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवांची मराठी कीर्तनं तंजावरात गाजली. तिथल्या कृष्ण भागवतरांनी ती ढब उचलली, तिला कर्नाटक संगीताचा साज चढवला आणि तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं. ओवी, अभंग, साकी, दिंडी त्या वाटेने तमिळ कथेत शिरल्या आणि रमल्या. राजाज्ञेने हे झालं नाही. शेवटचे राजे, दुसरे शिवाजी, 1855 मध्ये वारले होते आणि तंजावरचं राज्य खालसा झालं होतं. एका कथेकऱ्याने दुसऱ्याचं ऐकलं, आवडलं, घेतलं.

लग्नानंतर मी पुण्याला आले आणि मला पहिल्यांदा कळलं, की मी बोलते ती मराठी ऐकून लोक हसून "तुमचं मूळ गाव कुठलं?" असं विचारतात. तंजावर म्हटलं की सगळ्यांचा एकच प्रश्न: सांबार संभाजीराजांमुळे सुरू झालं, हे खरं का? आमसुलं संपली, कुणीतरी चिंच घातली आणि पाहुण्या राजांच्या नावाने आमटीचं बारसं झालं, अशी ती चटकदार गोष्ट. आजोबांच्या नातीला तिच्यावर मान डोलावणं अवघडच होतं. म्हणून मी सांबार सोडून दुसरं काही द्यायला लागले. कचेरीतले एक सातारकर गृहस्थ सज्जनगडाच्या वाऱ्या करत. त्यांना मी सांगितलं, की गडावरच्या राममूर्ती तंजावरात घडल्या आणि समर्थांच्या शेवटच्या दिवसांत गडावर पोहोचल्या, अशी संप्रदायातली परंपरा आहे. ते इतके हरखले, की पुढच्या वारीहून माझ्यासाठी प्रसाद घेऊन आले आणि वर म्हणाले, "तुमच्या गावच्या रामाचा आहे."

खरी देवाणघेवाण मात्र स्वयंपाकघरात झाली. गणेशचतुर्थीला शेजारच्या काकू उकडीचे मोदक करत. आमच्याकडे कोळुकट्टै होत. गोडाबरोबर उडदाच्या डाळीचं तिखट सारण भरलेलीसुद्धा. मी काकूंना ते तिखट सारण शिकवलं. काकूंनी मला पाकळ्या पाडायला शिकवल्या: बोटं ओली करून पारी कडेला पातळ ठेवायची, मध्ये जरा जाड, आणि चिमटा तळापासून वर आणायचा. सासूबाईंनी एकदा भाजलेल्या उडदाच्या पिठाचं डांगर कालवलं आणि मी पहिल्या घासालाच थबकले. हीच चव, दह्यात कालवलेली, तंजावरच्या तमिळ शेजारणीकडे मी लहानपणापासून खात आले होते; तिच्याकडे ती डांगर पच्चडी होती. सासूबाईंना वाटत होतं हे त्यांचं, शेजारणीला वाटत होतं हे तिचं. दोघींचंही खरं होतं.

तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे. परमुलखात राहायला आलेल्या माणसाला सत्ता, पैसा, जमीन यांपैकी काहीही मिळो, शेजार मिळतो तो अशा चिमूटभर गोष्टींनीच. मोठं ज्ञान दिलं की घेणारा ओशाळतो आणि देणारा गुरू होऊन बसतो. छोटी गोष्ट मात्र बरोबरीच्या नात्याने देता येते. घेणारा लगेच त्याच मापाची एखादी परत करतो आणि हिशेब कधीच पुरता मिटत नाही. हिशेब मिटत नाही म्हणूनच येणं-जाणं राहतं. तंजावरच्या मराठ्यांचं राज्य पावणेदोनशे वर्षांच्या आसपास चाललं आणि बुडालं. दिंडीची चाल, डांगराची वाटी यांना कुठल्याही तहाची झळ लागली नाही, कारण त्या कुणा एकाच्या ताब्यात नव्हत्याच.

आता निवृत्तीनंतर मी पुन्हा तंजावरात राहते. फोनवर सकाळ-संध्याकाळ थक्क करणारी माहिती येऊन पडते. शिखराचा दगड अमुक टनांचा, सावली पडत नाही, सगळं येतं. ती पाठवणाऱ्यांवर माझा राग नाही. सांगण्याची हौस मला समजते. पण त्या माहितीला गाव नसतं, पाहणारा नसतो आणि उलट काही सांगायची सोय नसते. सांगणाऱ्यापाशी आपलं एक द्यावं म्हटलं, तर तो कधीच पुढे निघून गेलेला असतो. भाचीने असं काही पाठवलं की मी फक्त विचारते, "कुठे पाहिलंस?" पूर्वी ती चिडायची. हल्ली जाऊन बघून येते आणि फोटो पाठवते.

माझं रोजचं गिऱ्हाईकपण मात्र देवळाबाहेरच्या एका फुलवालीकडे आहे. ती मोगरा, अबोली आणि मरवा एकत्र गुंफून कदंबम करते. केळीच्या सोपटाचा दोर भिजवून का वापरायचा, हे तिने मला शिकवलं: ओला दोर देठाला घट्ट धरतो, पण कापत नाही. आणखी एक व्यापारी गुपितही तिनेच फोडलं. आमच्याकडे गजरा मुळमावर विकतात, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, आणि हात विकणारीचा. "म्हणून अम्मा, उंच बाईकडून घ्यावा," असं ती म्हणाली. आणि ती स्वतः चांगलीच बुटकी आहे.

त्या बदल्यात मी तिला त्या 400 जणींबद्दल सांगितलं. आता ती गिऱ्हाइकांना गजरा मोजता मोजता सांगते, की आत दगडावर बायकांची नावं आहेत, घराच्या पत्त्यासकट, जाऊन बघा. परवा एका परगावच्या जोडप्याला ती हे सांगत होती, आणि वर स्वतःची भर घालत होती, की एवढ्या जणी रोज फुलं माळणार म्हणजे तेव्हाही इथे फुलवाल्यांची रांग असणार. त्यांची नावं राजाने का नाही लिहिली? प्रश्न बिनतोड होता. ते जोडपं आत गेल्यावर मी गजऱ्याचे पैसे पुढे केले आणि म्हटलं, "आज काय नवीन?"

तिने पैसे कनवटीला लावले. "आधी तुम्ही, अम्मा," ती म्हणाली. "काल मी सांगितलं होतं."