जुनी मोटार घेतांना

जुनी वस्तु विकत घेण्यांत आमच्या घरास कधींहि कमीपणा वाटलेला नाहीं. दिवाणखान्यांतील शिसवी कपाट जुन्या बाजारांतलें, वडिलांचें मेज लिलावांतलें, आणि मुलांचीं बहुतेक पाठ्यपुस्तकें वरच्या इयत्तेंतील भावंडांनीं वापरलेलीं. म्हणून २०१९ च्या अखेरीस पुण्याच्या आमच्या बिऱ्हाडीं मोटार घ्यावयाचें ठरलें, तेव्हां नव्या गाडीचा विषय कोणीं काढलाहि नाहीं. मातुःश्रींच्या गुडघ्यांना रिक्षाची पायरी जड जाऊं लागली होती, साताऱ्याच्या घरीं महिन्याकाठीं एक फेरी होत होती, आणि दहा माणसांच्या कुटुंबाच्या शिलकेंत नव्या गाडीस पुरेल एवढी रक्कम नव्हती. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० रस्त्यावर आली, तेव्हांपासून लहान मोटार हें मध्यम स्थितींतील घरांचें वाहन झालें. ती व तिच्यामागून आलेल्या, मागचें दार वर उघडणाऱ्या छोट्या गाड्या, ज्यांना हॅचबॅक म्हणतात, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाची वाट पाहत जागोजाग उभ्या असतात. त्यांतलीच एक आपण घ्यावी असें ठरलें.

ती कशी घेऊं नये, हें आम्ही प्रथम शिकलों. कशी घ्यावी, हें मागाहून. दोन्ही धडे वाचकांपुढें ठेवावे एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पहिली गाडी आम्हीं एका दलालाच्या अंगणांत पाहिली. २००८ सालची, चंदेरी रंगाची, किंमत एक लक्ष पस्तीस हजार. पाहावयास आम्ही चार सुशिक्षित माणसें गेलों होतों. त्यांत आमचे धाकटे बंधु तर इंजिनिअर. चौघांनीं मिळून काय पाहिलें? रंग पाहिला, बैठकांचे नवे अभ्रे पाहिले, काळेभोर चकाकणारे टायर पाहिले. आंत अत्तराचा वास दरवळत होता. ‘मालक हौशी दिसतो,’ असें आम्हीच म्हणालों. वेळ सायंकाळची होती, आणि इंजिन आम्ही पोंचण्यापूर्वींच सुरू करून ठेवलेलें होतें. ‘उद्यां दुसरें गिऱ्हाईक येणार आहे,’ एवढें एक वाक्य दलालानें उच्चारलें, आणि आम्हीं तेथेंच इसार दिला.

२०२० च्या जानेवारींत एका संध्याकाळीं साताऱ्यास निघालों. गाडींत आईबाबा मागें, आम्ही व बंधु पुढें. खंबाटकी घाटाच्या चढणीवर वळण घेतांना गाडीचे दिवे एकदम गेले आणि इंजिन थांबलें. मागून मालमोटारींची रांग येत होती. बंधूंनीं हातब्रेक ओढला, आम्हीं खालीं उतरून हातांतला मोबाईलचा दिवा हलवीत मागच्या वाहनांस सावध केलें. पहिली मालमोटार कर्कश आवाज करीत आमच्यापासून दहा-बारा हातांवर थांबली. आई गाडींत बसून एक शब्द बोलल्या नाहींत. खालीं उतरल्यावर मात्र त्यांचे हात किती तरी वेळ थरथरत होते.

घाटाखालच्या एका गॅरेजांत गाडी ओढून नेली. तेथील मिस्त्री वयानें तरुण, बोलण्यांत मोजका. त्यानें बोनेट उघडण्यापूर्वीं एक निराळीच गोष्ट केली. चालकाच्या बैठकीचा पट्टा धरून तो हळूहळू, अगदीं शेवटपर्यंत, बाहेर ओढला. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर मातकट रंगाची एक रेघ होती. मग त्यानें पायाखालचा गालिचा उचलला. खालीं पिठासारखा मऊ गाळ होता.

‘साहेब, ही गाडी पुरांत उभी होती,’ तो म्हणाला. ‘पाणी गेलं, पण वायरींच्या जोडांत गंज राहिला. तो असा महिन्यांनीं बोलतो.’

गाडीचा क्रमांक ‘एमएच १०’ नें सुरू होणारा, म्हणजे सांगलीचा होता. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेच्या महापुरानें सांगलींत केवढा हाहाकार उडविला, तें आम्हीं वर्तमानपत्रांत वाचलें होतें. मदतीचीं कपडेलत्तेंहि पाठविलीं होतीं. सांगलीची प्रत्येक गाडी पुरांतलीच असते असें नाहीं. परंतु तो क्रमांक वाचूनहि एक साधा प्रश्न विचारावा, हें आमच्या मनांत आलें नाहीं. त्या अत्तराचा अर्थहि आम्हांस त्या गॅरेजांत कळला. हौशी मालक वगैरे कोणी नव्हता. कुबट वास झांकावयाचा होता.

खरी कसोटी पुढेंच होती. गाडी तात्पुरती दुरुस्त होऊन पुण्यास आली, आणि दुसऱ्या एका दलालानें एक लक्ष देऊं केलें. अट एकच : पुराचें नांव काढावयाचें नाहीं. घरांत बैठक बसली. बंधूंचें म्हणणें असें, कीं आपण फसलों तें आपल्या पैशांनीं. आतां पैसे परत मिळत असतील तर घ्यावे, पुढचा मनुष्य आपल्या डोळ्यांनीं पाहून घेईल. आम्हांसहि तें मनांतून पटूं लागलें होतें, हें येथें कबूल केलें पाहिजे. वडील बराच वेळ ऐकत होते. शेवटीं म्हणाले, ‘अरे, घाटांत तुमची आई त्या अंधारांत बसली होती. त्याच जागीं दुसऱ्या कोणाची आई बसवून लाख रुपये आणायचे असतील, तर आणा.’

गाडी सुट्या भागांचा धंदा करणाऱ्यास, सर्व हकीकत सांगून, अडतीस हजारांस दिली. सत्त्याण्णव हजारांचें नुकसान झालें. त्या वर्षीं घराची रंगसफेती राहिली. आईंना रिक्षाची पायरी पुन्हां चढावी लागली.

दुसरी गाडी आम्हीं वर्षानें, २०२१ च्या आरंभीं घेतली. या वेळीं घाई केली नाहीं. सात गाड्या पाहिल्या व सहा सोडल्या. त्या शोधांत जें शिकलों, तें संक्षेपानें सांगतों.

गाडी सकाळच्या उजेडांत पाहावी, आणि ‘आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करूं नका’ असें आधींच सांगावें. थंड इंजिन खरें बोलतें. सुरू करतांच मागें उभें राहून धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जाळीत आहे. काळा म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे. सकाळच्या गारठ्यांतली वाफ थोड्या वेळांत विरते, परंतु इंजिन तापल्यावरहि पांढरा धूर टिकला, तर रेडिएटरचें पाणी आंत शिरत असल्याची शंका घ्यावी. ऑईल ओतण्याच्या तोंडाचें झांकण आंतून पाहावें. तेथें सायीसारखा पांढरट थर आढळला तर सावध व्हावें.

मग अंगाकडे वळावें. दारें व बोनेट यांच्या कडांमधील फटी दोन्ही बाजूंस सारख्या आहेत काय? दाराच्या रबरावर रंगाचे शिंतोडे असतील तर तो भाग पुन्हां रंगविलेला आहे. खरचटल्यामुळें रंग दिला असेल तर त्यांत दोष नाहीं. सांगाड्यास धक्का बसला असेल तर ती गाडी नको. डिक्कींतील जादा चाक उचलून त्याखालचा पत्रा पाहावा. पाणी सांचून गंज प्रथम तेथें धरतो. टायरच्या बाजूवर चार आंकड्यांचा शिक्का असतो : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१७’ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. टायर एकाच कडेनें झिजला असेल तर चाकांची ठेवण बिघडलेली आहे.

किती किलोमीटर झाले तें मीटर सांगतो खरें, परंतु मीटर मागें नेतां येतो. ब्रेकच्या पायपट्टीवरचें झिजलेलें रबर मागें नेतां येत नाहीं. तीस हजार किलोमीटरांच्या गाडीचें स्टीअरिंग हातांनीं गुळगुळीत झालेलें असेल, तर कोणा एकावर अविश्वास ठेवणें भाग आहे. चालवून पाहतांना मोकळ्या सरळ रस्त्यावर ब्रेक दाबावा. गाडी एका बाजूस ओढतां कामा नये. क्लचची परीक्षा सोपी आहे : सपाट जागीं हातब्रेक घट्ट ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच सावकाश सोडावा. इंजिन लगेच बंद पडलें तर क्लच धड आहे. चालूच राहिलें तर तो झिजला आहे. आणि चारी पट्टे शेवटपर्यंत ओढण्यास विसरूं नये.

शेवटीं कागद. नोंदणीपुस्तकांतील चॅसिसचा व इंजिनाचा क्रमांक गाडीवरील क्रमांकाशीं स्वतः ताडून पाहावा. कर्जाचा बोजा असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला व नमुना ३५ घ्यावा. दंडाचीं चलनें थकलीं आहेत काय, तें पाहावें. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढें ती पांच-पांच वर्षांनीं वाढवावी लागते. तो खर्च किंमतींत धरावा. नमुने २९ व ३० भरून गाडी आपल्या नांवावर होईपर्यंत व्यवहार संपला असें मानूं नये. विकणाऱ्यानेंहि येथें निष्काळजी राहूं नये; ज्याच्या नांवें नोंदणी, तोच अपघाताच्या भरपाईस मालक म्हणून जबाबदार, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय आहे.

सातवी गाडी एका निवृत्त शिक्षिकाबाईंची होती, २०११ सालची. आम्ही पाहूं लागण्यापूर्वींच त्या म्हणाल्या, ‘एसी मे महिन्यांत दमतो. आणि मागचं डावं दार माझ्याच हातून खांबाला घासलंय. ते मीच रंगवून घेतलं.’ मग त्यांनीं एक वही पुढें केली. ऑईल केव्हां बदललें, कोणता टायर कधीं घेतला, किती रुपये पडले, सारें तारीखवार, वळणदार अक्षरांत. आम्हीं तरीहि पट्टे ओढून पाहिले, गालिचा उचलला, मिस्त्रीस दाखविली. बाईंना राग आला नाहीं. उलट त्यांनींच कंदील धरावा तसा मोबाईलचा दिवा धरला.

ती गाडी आमच्या दारीं आहे, आणि वहीहि. बाईंच्या शेवटच्या नोंदीखालीं आम्हीं आमची पहिली नोंद केली. गेल्या पावसाळ्यांत पुढच्या चाकाचा खडखडाट सुरू झाला, तेव्हां बंधूंनीं तो त्याच दिवशीं वहींत लिहिला. ‘दुरुस्त होणारच आहे, मग लिहितोस कशाला?’ असें आम्हीं विचारलें. ‘पुढच्या माणसासाठीं,’ ते म्हणाले, आणि वही डॅशबोर्डाच्या खणांत ठेवून दिली.