बारा महिन्यांचा दगड

सूनबाई इंग्रज आहे, हे एव्हाना आमच्या अंगवळणी पडलं होतं. मुलगा तिकडे नॉरफोकमध्ये नोकरीला, लग्नही तिथंच झालेलं. पण नातू झाल्यावर तिचा फोन आला, "आई, बाळाचा बाप्तिस्मा करायचाय, तुम्ही याच," तेव्हा मात्र माझ्या पोटात खड्डा पडला. ह्यांना काही बोलले नाही. डिंकाचे लाडू नि बाळंतविडा बॅगेत भरला आणि निघाले. मनात एकच घोळत होतं, नातू आता आपला राहणार का?

आदल्या दिवशी ती मला चर्च दाखवायला घेऊन गेली. बर्नहॅम डीपडेल हे समुद्राकाठचं लहानसं गाव. चर्चचा मनोरा गोल, फार जुना. आत एक चौकोनी दगडी कुंड होतं. बाप्तिस्म्याचं पाणी असतं ते याच्यात. बाराव्या शतकातलं, म्हणजे आठशे वर्षांहून जुनं. मला वाटलं, यावर देवदूत नाहीतर क्रूस कोरलेले असणार. मी जरा लांबच उभी राहिले.

जवळ जाऊन पाहते तर काय, वर्षभराची कामं! तीन बाजूंवर बारा महिने, चौथ्या बाजूला पानांची नक्षी. जानेवारीतला माणूस शिंगातून काहीतरी पितोय, फेब्रुवारीतला शेकोटीशी पाय शेकतोय. मार्चमध्ये खणणं, जूनमध्ये तण काढणं, ऑगस्टमध्ये पेंढ्या बांधणं, सप्टेंबरमध्ये मळणी. नोव्हेंबरातला डुक्कर मारणारा दिसला तशी मी नजर वळवली. आणि डिसेंबरात सगळं आवरून मंडळी जेवायला बसलेली! देवाच्या दारी खुरपणी-मळणी कोरणारे लोक मला एकदम आपल्यातलेच वाटले.

सूनबाई सांगत होती. त्या काळी मूल जन्मलं की एक-दोन दिवसांतच इथं आणायचे. पण आई नसायची. बाळंतीण महिनाभर घरातच. मग चर्चमध्ये जाऊन आशीर्वाद घेतला, की पुन्हा बाहेर वावरायला मोकळी. बाळाला आणायची सुईण आणि धर्ममातापिता. म्हटलं, अगं, हा तर आमचा सव्वा महिना! फक्त आमच्याकडे बाराव्या दिवशी बारशाला आई पाळण्याशी असते, एवढाच फरक. कुंडातल्या मंतरलेल्या पाण्याला तर इतका मान, की लोक ते जादूटोण्यासाठी चोरून न्यायचे. म्हणून १२३६ साली कुंडांना कुलूपबंद झाकणं लावायचा हुकूम निघाला होता.

"एवढी घाई कशाला करायचे?" मी विचारलं.

"मूल जगेल की नाही, याची भीती. अगदीच वेळ आली, तर सुईणीनं घरीच पाणी घालून बाप्तिस्मा दिलेला चालायचा."

एवढं बोलून ती गप्प झाली. मग म्हणाली, "आई, तुम्हाला आम्ही कळवलं नाही. बाळ महिनाभर आधी आलं. नऊ दिवस काचेच्या पेटीत होतं. मला हातसुद्धा लावता येत नव्हता. तेव्हाच मी ठरवलं, हा घरी आला तर याला इथं आणीन."

मला क्षणभर रागच आला. मुलानं एवढी गोष्ट आमच्यापासून लपवावी? पण तिच्याकडे पाहिलं आणि तो गिळला. मी मुलाच्या वेळी पाचवीच्या रात्री सटवाईपुढे हात जोडून बसले होते, ते आठवलं. म्हणजे हिचा हा नवसच की! नि नवस बोललेल्या आईला मी मनातल्या मनात काय काय बोलत आले होते!

कुंडाला एक जुना तडा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस चर्चचा भाग पाडताना ते फुटलं, परगावी गेलं आणि पुढे सांधून परत आलं. त्या सांध्यावरून मी हळूच हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी पाणी घालताना पिल्लू असं किंचाळलं की सगळे हसले. टॉवेल माझ्याच हातात होता. मी पटकन पुढं होऊन त्याचं डोकं टिपलं. संध्याकाळी घरी पाळण्याला हळदीकुंकू लावलं, नातवाच्या कानात त्याचं नाव सांगितलं. सूनबाई पाळण्याची दोरी धरून बसली होती. नातू कुणाचा, हा प्रश्न मला पुन्हा पडला नाही. डिंकाचे लाडू मात्र तिनं आठ दिवसांत संपवले!