सहभागी क्रमांक ७

"ह्यात मी कुठं हाय?" आजींनी विचारलं.

आमच्या अहवालाची छापील प्रत द्यायला मी त्यांच्याकडे गेले होते. चौथ्या पानावर एक तक्ता होता. त्यातल्या सातव्या ओळीवर मी बोट ठेवलं. सहभागी क्र. ७, स्त्री, वय सत्तरच्या पुढे, व्यवसाय शेती. नातवानं मोठ्यानं वाचून दाखवलं. आजी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "नंबर तर तुरुंगात देत्यात."

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. अजूनही रात्री ते वाक्य आठवलं की झोप उडते.

मी औशाची. वडील एसटीत वाहक. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून पुण्यातल्या एका खाजगी लिबरल आर्ट्‌स विद्यापीठात आले. चार वर्षांची पदवी, समाजशास्त्र मेजर, पर्यावरण मायनर, शेवटच्या वर्षी संशोधन. नव्या शैक्षणिक धोरणामुळे ही रचना आता घरोघरी माहीत झाली आहे. २०२२च्या उन्हाळ्यात आमच्या भागीदार विद्यापीठातून आठ परदेशी मुलं तीन आठवड्यांसाठी आली आणि त्यांच्या जोडीला आम्ही सहाजण होतो. क्षेत्र मुळशी तालुका, विषय धरण आणि बायकांच्या आठवणी. या धरणाविरुद्धचा १९२१चा मुळशी सत्याग्रह आणि त्याचे नेते सेनापती बापट शाळेच्या पुस्तकात असतात. अडवलेलं पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात सोडतात आणि तिथली वीज मुंबईला जाते, हे मात्र मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

आजींच्या सासूच्या लहानपणी जुनं गाव पाण्याखाली गेलं. सासूनं जात्यावर म्हटलेल्या ओव्या आजींना पाठ होत्या आणि त्यात त्यांनी स्वतःच्या कितीतरी घातल्या होत्या. गावात पिठाची गिरणी आल्याला जमाना लोटला. जातं पडवीच्या कोपऱ्यात पालथं पडलं होतं. आजींनी ते सुनेकडून पुसून घेतलं, खुंटा ठोकला आणि ओंजळभर नाचणी मागवली. "मोकळ्या जात्यावर गळा लागत न्हाय," म्हणाल्या. गळा म्हणजे चाल. एका गळ्यावर त्या वीस-वीस ओव्या न थांबता म्हणायच्या, मग घास टाकायला थांबायच्या आणि दुसऱ्या गळ्यावर जायच्या. परदेशी मुलांना शब्द कळत नव्हते, तरी कुणीही जागचं हललं नाही. एक मुलगी समोर बसून खुंट्याला हात लावून दळू लागली. अर्ध्या तासात तिच्या तळव्याला फोड आले, पण तिनं खुंटा सोडला नाही. तो दिवस माझ्या चार वर्षांतला सगळ्यात चांगला दिवस होता.

गाणं सुरू होण्याआधी संमतिपत्र भरून घ्यायचं होतं. विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीनं मंजूर केलेला चार पानांचा इंग्रजी मसुदा होता आणि त्याचं मराठी मी केलं होतं. 'गोपनीयता' या शब्दापाशी आजींनी मला थांबवलं. "म्हंजी काय?" मी म्हटलं, "तुमचं नाव आम्ही कुणाला सांगणार नाही." त्या म्हणाल्या, "का? म्या काय चोरी केली?" मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, "आजी, तसा नियम आहे."

नियम आहे म्हटल्यावर त्यांनी सही केली. अंगठा नव्हे, सही. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात त्या नाव लिहायला शिकल्या होत्या. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ. पाच मिनिटं लागली. तो कागद विद्यापीठाच्या कुलुपबंद कपाटात गेला. पाच वर्षांनी नियमाप्रमाणे तो नष्ट करायचा आहे.

पुढे ऑक्टोबरमध्ये भागीदार विद्यापीठाच्या विद्यार्थी-संशोधन परिषदेत मी ऑनलाइन निबंध वाचला. आजींच्या चार ओव्या आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर पडद्यावर होतं. ऐकणाऱ्यांपैकी एका बाईंनी विचारलं, या कवयित्रीचं नाव काय? कवयित्री हा शब्द त्यांनी वापरला, आमच्या निबंधात तो कुठेच नव्हता. मला सांगावं लागलं की नाव सांगायची परवानगी नाही. पडद्यावर खाली माझं नाव मात्र पूर्ण होतं, विद्यापीठाच्या बोधचिन्हासकट.

त्या रात्री मी समितीला पहिलं पत्र लिहिलं. विनंती साधी होती: ज्या बायकांना स्वतःचं नाव हवं आहे त्यांचं नाव द्यायची मुभा द्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, की सहभागी व्यक्ती 'असुरक्षित गटात' मोडतात. कारणं तीन: स्त्री, वयोवृद्ध, अल्पशिक्षित. मी ते पत्र कितीदा वाचलं असेल! ज्या बाईनं पाच मुलं वाढवली, नवऱ्यामागे भातशेती एकटीनं रेटली, दोनदा मोजणीदाराला बांधावरून परत पाठवलं, तिला स्वतःच्या गाण्याखाली स्वतःचं नाव असावं की नसावं हे ठरवता येत नाही, असं तिला कधीही न पाहिलेल्या पाच माणसांनी ठरवलं.

मी वाचायला बसले. हे नियम उगाच आलेले नाहीत. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२, तब्बल चाळीस वर्षं, उपदंश झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवून नुसतं निरीक्षण केलं गेलं. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिलं नाही. तो प्रकार उघड झाल्यावर कायदा आला, १९७९चा बेल्मॉन्ट अहवाल आला आणि माणसांवरच्या संशोधनाला चौकट मिळाली. ते वाचताना माझा राग थोडा निवळलाही होता. पण ती चौकट मुख्यतः वैद्यकीय संशोधन डोळ्यांसमोर ठेवून घडलेली. खुद्द अमेरिकेनं २०१९पासून लागू झालेल्या सुधारित नियमांत मौखिक इतिहासाला त्यातून वगळलं आहे. आणि आपल्या घरचं उदाहरण तर त्याहून जुनं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यात राहून आणि गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी याच मुळशी-मावळातल्या. 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर २०१७पासून त्या प्रसिद्ध होताहेत आणि तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव असतं. हे सगळं मी दुसऱ्या पत्रात लिहिलं. जनाबाईचंही लिहिलं, की दळताना रचलेल्या अभंगातसुद्धा शेवटी 'जनी' असतेच. उत्तर एका ओळीचं आलं: मंजूर मसुद्यात बदल करता येणार नाही.

हेही मी सोसलं असतं. पण फेब्रुवारीत विद्यापीठाची नवी माहितीपुस्तिका आली आणि 'जागतिक सहभाग' या पानावर अर्धं पान भरून आजींचा फोटो! चेहरा स्वच्छ दिसतोय, कपाळावरचं गोंदण दिसतंय, समोर ती परदेशी मुलगी खुंटा धरून हसतेय. खाली ओळ: 'स्थानिक महिलेसोबत आमचे विद्यार्थी'. मुलीचं नाव आणि देश छापलेला. मी चौकशी केली तेव्हा कळलं की प्रसिद्धी हे संशोधन नाही, त्यामुळे ते समितीच्या कक्षेत येत नाही. गाण्याखाली नाव घातलं तर आजी असुरक्षित, पण हजारो प्रतींवर चेहरा छापला तर कुणाचीच हरकत नाही. त्या दिवशी मी मेसमध्ये जेवले नाही.

फील्डवर जाणाऱ्या मुलांना माझं एवढंच सांगणं आहे, की संमतिपत्र आधी गावच्या बोलीत तोंडानं सांगून पाहा. 'गोपनीयता' विचारू नका. "नाव घालू का?" विचारा, आणि हो आणि नको अशा दोन्हींसाठी कागदावर जागा ठेवा. फोटोचं वेगळं विचारा. आणि हे समितीकडे मसुदा पाठवण्याआधी करा, नंतर कुणी ऐकत नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. त्याच गावात सहभागी क्र. ११ होत्या. चाळिशीच्या. त्यांच्या ओव्या माहेरच्या होत्या, पण मधेच गाणं थांबवून त्यांनी नवऱ्याबद्दल आणि दिराबद्दल जे सांगितलं ते ध्वनिमुद्रणात आहे. निघताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. समितीला दुसऱ्या पत्रासोबत मी जो सुधारित तक्ता जोडला, त्यात रागाच्या भरात सगळ्या बायकांची नावं होती. त्यांचंही. समितीनं हो म्हटलं असतं तर चाळीस उंबऱ्यांच्या त्या गावात ती बाई उघडी पडली असती, आणि ते मी केलं असतं. हे माझ्या लक्षात आलं तोवर दोन महिने उलटून गेले होते. समितीवरचा माझा राग गेलेला नाही. पण तिच्या नकारामुळे क्र. ११ वाचल्या, हेही मला नाकारता येत नाही.

पदवीनंतरच्या दिवाळीत मी पुन्हा गेले. आजी श्रावणात गेल्या होत्या. जातं पुन्हा पालथं होतं, त्यावर मोबाइलचा चार्जर ठेवलेला. सुनेला मी सांगितलं, की आता मी विद्यापीठात नाही, आता आजींबद्दल लिहीन ते त्यांच्या नावानं लिहीन. ती चहाचा कप माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "नाव नगा घालू ताई. त्यांच्या ओव्यांत माझं बी बोलणं हाय. समद्या वळखीच्यांना कळंल." मी तिला समजावायला तोंड उघडलं आणि मिटलं.

ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला आजी आपलं नाव, गाव, माहेर सांगतात. अकरा सेकंदं. समितीच्या सूचनेवरून ती मीच कापली होती, पण मूळ फाइल पुसली नव्हती. ती ऐकवली तेव्हा सून उठून आत गेली आणि नातवाला घेऊन बाहेर आली. "ह्याच्या व्हॉट्सॲपवर टाका," म्हणाली. मी पाठवली, अकरा सेकंदांसकट.