रायगडाआधी एक स्टॉप

मुंबई-गोवा हायवेवर महाड आलं की बहुतेकांच्या गाड्या दोनच कारणांसाठी स्लो होतात. एक चहा, दुसरं रायगडाचा फाटा. माझं ऐकाल तर गाडी सरळ गावात घाला आणि कुणालाही विचारा, 'चवदार तळं कुठे?'

आधीच सांगतो, फोटोजेनिक वगैरे काही नाही. आजूबाजूला घरं, बांधलेल्या पायऱ्या, बाबासाहेबांचा पुतळा आणि हिरवट, शांत पाणी. मी गेलो तो साधा शनिवार होता. पायऱ्यांवर विदर्भातून आलेलं एक कुटुंब बसलं होतं. आजोबांनी ओंजळीत पाणी घेतलं, तशी सून ओरडली, 'बाबा, पिऊ नका ना, पोट बिघडन!' आजोबा थंडपणे म्हणाले, 'पोरी, याच्यासाठीच तं आलो ना एवढ्या दुरून.' आणि प्यायले.

२० मार्च १९२७ ला इथे म्हटलं तर एवढंच झालं होतं. पाणी प्यायलं गेलं. गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्या दिवशी हा हक्क कागदावर जुना झाला होता. सी. के. बोले यांच्या ठरावानुसार मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्येच सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले होते. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. पण तळ्यावर पाऊल ठेवायची कुणाची टाप नव्हती. मुसलमान, ख्रिश्चन पाणी भरायचे, गुरंसुद्धा प्यायची. यांनाच बंदी.

कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेले बॅरिस्टर आंबेडकर तेव्हा ३५ वर्षांचे होते. म्हणजे आपल्या ऑफिसातल्या एखाद्या टीम लीडरच्या वयाचे. परिषद संपवून ते हजारोंच्या मिरवणुकीसह तळ्यावर आले आणि ओंजळभर पाणी प्यायले. मग 'आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार' अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या. नंतर १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' करण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला!

डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली. मंडपाला हिंदूंपैकी कुणी जागा देईना, ती दिली एका मुसलमान गृहस्थाने. भाषणात बाबासाहेबांनी थेट १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेचा दाखला दिला. व्हर्साय कुठे आणि महाड कुठे! पण जन्मतः सगळी माणसं समान, हाच मुद्दा तिथेही होता आणि इथेही. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली गेली.

आणि आता मला सगळ्यात भारी वाटणारा भाग. या वेळी पाणी कुणीच प्यायलं नाही. विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. हजारो माणसं तयारीत, डोकी तापलेली. तरी बाबासाहेबांनी हुकूम मोडायचा नाही असं पटवलं. मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घालून शांतपणे परत आली. ज्या कायद्याकडून हक्क मागायचा, तो सोयीनुसार मोडायचा नाही, हा हिशोब. आपण सिग्नलला तीस सेकंद थांबत नाही, ते थांबले जवळजवळ दहा वर्षं. केस महाडहून ठाण्याला, तिथून हायकोर्टात गेली. अखेर १७ मार्च १९३७ ला निकाल लागला: अनादी काळापासूनची वहिवाट असल्याचा दावा सिद्ध झाला नाही, तळं सर्वांसाठी. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच.

राज्यघटनेचं पंधरावं कलम कधी वाचलंय? भेदभावाला बंदी करताना त्यात दुकानं, हॉटेलं तर आहेतच, पण विहिरी, तलाव, स्नानघाट यांचीही नावं घेतलीत. एवढ्या भारदस्त दस्तऐवजात विहिरी-तलाव कशाला, असं वाटत असेल तर दहा मिनिटं या पायऱ्यांवर बसा.

मुंबईहून साधारण पावणेदोनशे किलोमीटर, पुण्याहून ताम्हिणीमार्गे. गावातला क्रांतिस्तंभही बघा. २० मार्चला जाणार असाल तर गाडी लांब लावून चालायची तयारी ठेवा, अख्ख्या महाराष्ट्रातून लोक येतात.