सेन्सर बदलण्यापूर्वी

पेट्रोल इंजिनाच्या एक्झॉस्टच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर हा मुळात एक लहानसा विद्युतघट असतो. त्याच्यातील झिर्कोनिया या सिरॅमिकच्या एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला जळून बाहेर पडलेला वायू असतो, आणि दोन्हींतील ऑक्सिजनच्या प्रमाणात जो फरक असेल त्यानुसार त्यावर व्होल्टेज निर्माण होते. मिश्रणात पेट्रोल अधिक असेल तर हे व्होल्टेज सुमारे ०.९ पर्यंत चढते, हवा अधिक असेल तर ०.१ च्या आसपास उतरते, आणि एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा या आदर्श प्रमाणाशी ते एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झपाट्याने झुकते. हे झुकणे पाहूनच ईसीएम, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, पुढच्या क्षणी किती पेट्रोल फवारायचे ते ठरवतो. मात्र झिर्कोनिया थंड असताना त्यातून ऑक्सिजनचे आयन वाहूच शकत नाहीत. साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावरच तो बोलू लागतो, आणि या एका गुणधर्मामुळे सेन्सरच्या पोटात हीटर बसवावा लागतो.

हा गुणधर्म मोटारीपेक्षा जुना आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जो दिवा तयार केला, त्यात झिर्कोनियात यिट्रियाचे मिश्रण केलेली सिरॅमिकची कांडी होती, आणि ती थंड असताना वीज वाहत नसल्यामुळे दिवा पेटण्यासाठी तिला आधी वेगळ्या तारेने तापवावे लागे. मोटारीच्या सेन्सरमध्ये जे व्होल्टेज निर्माण होते त्याचे गणितही नेर्न्स्ट यांच्याच समीकरणाने मांडले जाते. १९७६ साली बॉशचा असा सेन्सर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वोच्या मोटारींवर प्रथम आला, तेव्हा त्यात हीटर नव्हता. एक्झॉस्टच्या उष्णतेने तापण्याची वाट त्याला पाहावी लागे आणि इंजिन बराच वेळ आयडलवर राहिले तर तो पुन्हा थंड पडे. १९८२ मध्ये हीटर असलेला सेन्सर आला, आणि तेव्हापासून गाडी सुरू झाल्यावर बरीच लवकर संगणकाला मिश्रणाची खबर मिळू लागली. थंड इंजिनाच्या पहिल्या काही मिनिटांत, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत, सर्वाधिक विषारी धूर बाहेर पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे या वाचलेल्या वेळेचे मोल कळते. भारतात २०१३ पासून गाड्यांवर स्वनिदान व्यवस्थेचा दुसरा टप्पा आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर हीटरच्या सर्किटवर सतत पहारा ठेवणे संगणकाला भाग पडले, आणि डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा पिवळा दिवा गावोगावच्या गॅरेजांत रोजच्या कामाचा विषय झाला.

नेहमीच्या सेन्सरला चार तारा असतात. त्यांपैकी दोन हीटरच्या, एक सिग्नलची आणि एक सिग्नलच्या अर्थची. बॉश व एनटीके यांच्या सेन्सरांत हीटरच्या दोन्ही तारा बहुधा पांढऱ्या, सिग्नलची काळी आणि अर्थची करडी असते. डेन्सोच्या सेन्सरांत मात्र हीटरच्या तारा बहुधा काळ्या असतात, त्यामुळे रंग पाठ करून काम करणारा कारागीर तेथे हमखास चकतो, आणि म्हणून वायरिंगचा नकाशा समोर ठेवणे हीच खरी सोय. हीटरचा मार्ग असा असतो की बॅटरीचा सप्लाय मेन रिलेतून व फ्यूजमधून हीटरच्या एका टोकाला कायम मिळतो, आणि दुसरे टोक ईसीएमच्या आतील ट्रान्झिस्टर अर्थला जोडतो व तोडतो. ही जोड-तोड सेकंदाला अनेक वेळा होते आणि तिच्यातूनच हीटरला किती ताप द्यायचा हे ठरते. गाडी नुकतीच सुरू झालेली असताना नळीत साचलेले पाणी तापलेल्या सिरॅमिकवर उडाले तर ते तडकते, म्हणून संगणक सुरुवातीला मुद्दाम हात राखून हीटर चालवतो.

या सर्किटात बिघाड झाला की स्कॅनरवर कोड उमटतो, आणि निदानातील बहुतेक चुका त्याच क्षणी होतात. पी-०१३५ हा कोड कन्व्हर्टरआधीच्या पहिल्या सेन्सरच्या हीटर सर्किटात दोष आहे एवढेच सांगतो आणि पी-०१४१ कन्व्हर्टरनंतरच्या सेन्सरविषयी तेच सांगतो; सेन्सर खराब आहे असे त्यांपैकी एकही कोड सांगत नाही. त्याहून फसवे आहेत ते पी-००३१ आणि पी-००३२, ज्यांच्यापुढे अनुक्रमे ‘लो’ आणि ‘हाय’ असे शब्द येतात. ‘लो’ वाचून तार अर्थला टेकली असावी असे मनात येते, पण संगणक पाहत असतो ती नियंत्रणाची तार. ट्रान्झिस्टर बंद असताना हीटरमधून पलीकडे आलेले बॅटरीचे व्होल्टेज त्या तारेवर दिसायला हवे, आणि ते दिसले नाही की ‘लो’ असा निकाल लागतो. म्हणजे फ्यूज उडालेला असो, हीटरची तार आतून तुटलेली असो वा कपलर निसटलेला असो, कोड ‘लो’ हाच येतो. अर्थला टेकलेली तार हे त्याचे केवळ आणखी एक कारण होय. उलट ट्रान्झिस्टर चालू असतानाही तार अर्थच्या पातळीला उतरली नाही, तर ती कोठेतरी सप्लायच्या तारेला टेकलेली आहे किंवा हीटर आतून शॉर्ट झाला आहे, आणि अशा वेळी ‘हाय’ नोंदवले जाते. एवढे तर्कशास्त्र ज्याला ठाऊक आहे, तो कोड वाचल्यावर कोणत्या टोकापासून सुरुवात करायची हे बॉनेट उघडण्याआधीच ठरवू शकतो. दोन्ही सेन्सरांच्या हीटरचे कोड एकदमच आले असतील तर दोन हीटर एकाच वेळी जळण्याची शक्यता फार कमी, म्हणून तेथे आधी सामाईक फ्यूज पाहावा.

यापुढचे काम मल्टिमीटरचे, आणि या कलेचा खरा कस येथेच लागतो. कपलर सोडवून सप्लायच्या पिनवर मीटर लावला, १२ व्होल्ट दिसले आणि ‘सप्लाय ठीक आहे’ असे ठरवून टाकले, तर ती तपासणी अर्धवट राहिली असे समजावे. कारण मीटरचा स्वतःचा रोध एक कोटी ओहमच्या घरात असतो, त्यातून जवळजवळ करंट वाहतच नाही, आणि करंट वाहत नसेल तर कुजलेल्या जोडापलीकडेही पूर्ण व्होल्टेज पोहोचलेले दिसते. समजा हीटरचा रोध ६ ओहम आहे. १२ व्होल्टवर त्यातून २ अँपिअर करंट वाहील आणि २४ वॉट उष्णता मिळेल. आता याच मार्गातील एका गंजलेल्या पिनने २ ओहमचा रोध वाढवला, तर एकूण रोध ८ ओहम, करंट दीड अँपिअर आणि हीटरच्या वाट्याला आलेले व्होल्टेज अवघे ९ होईल, उष्णता १३.५ वॉटवर, म्हणजे जवळपास निम्म्यावर येईल. उरलेले ३ व्होल्ट त्या पिनवर खर्ची पडत असतात, आणि कपलर सोडवताच हा सारा पुरावा नाहीसा होतो. म्हणून कपलर जोडलेला ठेवून, हीटर चालू असताना, तारेच्या मागच्या बाजूने बारीक सुई सरकवून बॅटरीच्या धन टोकापासून त्या पिनपर्यंत किती व्होल्टेज गळते हे मोजणे हीच विश्वासार्ह रीत होय. ज्याच्याकडे एवढी सवड नाही, त्याने इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब सप्लायची पिन आणि इंजिनाचा चांगला अर्थ यांच्यामध्ये लावून तो पूर्ण तेजाने पेटतो का ते पाहावे. हा बल्ब जवळजवळ हीटरइतकाच करंट ओढतो, एलईडीचा टेस्टर तसा ओढत नाही. ईसीएमच्या नियंत्रण तारेवर मात्र असा बल्ब लावू नये, कारण आतील ट्रान्झिस्टर जळाला तर झालेले नुकसान सेन्सरच्या किमतीच्या कित्येक पट असते.

हीटरचा रोध मोजताना सेन्सर थंड हवा, कारण तापल्यावर हा रोध वाढतो. पुस्तकातील आकडा बहुधा २० अंशांचा असतो, आणि विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडखाली तोच रोध आठ-दहा टक्क्यांनी जास्त भरला तर त्यात सेन्सरचा दोष नाही. काही हीटर थंड असताना अचूक आकडा दाखवतात आणि तापल्यावर आतील चीर उघडून सर्किट तोडतात. त्यांना पकडण्यासाठी हीटरचा करंट क्लॅम्प मीटरवर काही मिनिटे पाहत राहावे लागते, आणि ही चिकाटी दाखवणारा कारागीर विरळा.

कोकणात पावसाळ्यानंतर येणाऱ्या गाड्यांचा कपलर उघडला की पिनांवर हिरवट कळंक चढलेला पुष्कळदा दिसतो, आणि मादी पिनची पकड सैल झालेली असते. ही पकड डोळ्यांनी दिसत नाही. त्याच मापाची मोकळी पिन आत सारून ती किती अडते हे बोटांनाच जाणवावे लागते. उंदरांनी कुरतडलेली तार, क्लिप तुटल्यामुळे एक्झॉस्टच्या पत्र्याला टेकून वितळलेले आवरण, क्लच बदलण्याच्या कामानंतर गिअरबॉक्सखाली चेपलेला हार्नेस, हे सगळे टॉर्चच्या उजेडात पाच मिनिटांत सापडते. दुरुस्तीचीही एक शिस्त आहे. पुष्कळ सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारेच्या आतील धाग्यांमधील पोकळीतून घेतात, म्हणून सेन्सरची तार सोल्डर करू नये, क्रिम्प करावी, आणि कपलरमध्ये ग्रीस भरू नये. एरवी चांगली समजली जाणारी ही सवय येथे सेन्सरचा श्वास कोंडते.

हे सारे तपासून सप्लाय, अर्थ, नियंत्रण तार आणि पिना निर्दोष ठरल्यानंतरच सेन्सरवर ठपका ठेवावा. तो का जळाला, याचेही कारण शोधावे. गळक्या गॅस्केटमधून कूलंट एक्झॉस्टमध्ये येत असेल किंवा गाडी तुंबलेल्या पाण्यातून गेली असेल, तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाईल. ईसीएमवर संशय घेण्याची पाळी सर्वांत शेवटी येते आणि क्वचितच येते. अनेक गॅरेजांत हा क्रम उलटा चालतो, आधी सेन्सर, मग दुसऱ्या कंपनीचा सेन्सर, आणि शेवटी वायरिंग, आणि त्याची किंमत गाडीचा मालक मोजतो. ही घाई अज्ञानापेक्षा वेळेच्या ताणातून येते हे खरे असले, तरी ती समर्थनीय नाही. गाडीमालकाने जुना सेन्सर परत मागावा आणि हीटरचा मोजलेला रोध व जोडलेल्या कपलरवरील व्होल्टेज बिलावर लिहून घ्यावे.

काम पूर्ण झाल्यावर स्कॅनरने कोड पुसला की दिवा विझतो, परंतु त्यामुळे दुरुस्ती सिद्ध होत नाही. हीटरची स्वतःची चाचणी पुष्कळ गाड्यांमध्ये इंजिन पूर्ण थंड असल्याखेरीज संगणक घेतच नाही, म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी सुरू करावी, आणि ती चाचणी पूर्ण झाल्याची नोंद स्कॅनरवर आल्यावरच मालकाच्या हाती किल्ली द्यावी.