पुड्यांची माळ

नाशिकच्या इंदिरानगरात माझं किराणा दुकान. आता मुलगा बघतो. गिऱ्हाईकं मला शेठ म्हणायची, आणि या शेठचं एक ठाम मत होतं : दवाखाने बांधणारे सगळे श्रीमंत पाप धुऊन घेत असतात.

उदाहरण ठरलेलं, सर जमशेदजी जीजीभाई. एका व्याख्यानात ऐकलेलं मी साखर जोखता जोखता ऐकवायचो. सोळाव्या वर्षी पोरका झालेला हा पारशी मुलगा जुन्या बाटल्यांच्या धंद्यात शिरला, पाच वेळा चीनची सफर करून आला, आणि जार्डिन मॅथेसन कंपनीच्या जोडीने कापूस नि माळव्याची अफू चीनला पाठवून गडगंज झाला. "आपल्या बोगद्यावरून जातो तो आग्रा रोड, पुढे त्याच माळव्यात निघतो," हे मी हमखास जोडायचो. पहिलं अफूयुद्ध 1842 मध्ये संपलं. त्याच वर्षी जमशेदजींना 'सर' किताब मिळाला, आणि जानेवारी 1843 मध्ये त्यांच्या नावाच्या जे. जे. रुग्णालयाची पायाभरणी झाली. "नुसत्या तारखा बघा!" मी म्हणायचो. गिऱ्हाईक मान डोलवायचं. मग दारावरच्या माळेतून मी त्याला गुटख्याच्या दोन पुड्या तोडून द्यायचो.

2009 साली दादांना, माझ्या थोरल्या भावाला, आतड्याच्या ऑपरेशनसाठी त्याच जे. जे.त न्यावं लागलं. सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरली, दादरला उतरून लोकलने भायखळा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा घेऊन आत शिरताना वॉर्डाच्या दाराशी रखवालदाराने अडवलं. त्याच्या पायाशी बिस्किटांचं खोकं होतं. "काका, खिसे." माझ्या खिशात काही नव्हतं. मी कधी पुडी खाल्ली नाही, याचा मला अभिमानच होता.

माझ्या पुढचा म्हातारा मात्र हात जोडत होता. "साहेब, एक राहू द्या. रात्र काढायचीय." रखवालदाराने ती एकही घेतली आणि खोक्यात टाकली.

मी खोक्यात डोकावलो. खोकं निम्म्याच्या वर भरलेलं. प्रत्येक पुडी ओळखीची. कुठली कितीला पडते, कुठलीवर किती सुटतात, कुठली महिनाअखेरीलासुद्धा उधारीवर मागतात, सगळं मला तोंडपाठ. जणू माझ्या दुकानाच्या दारावरची माळ कुणीतरी सोडवून इथे ओतली होती. मागून कुणी ढकललं तेव्हा मी हललो.

रात्री व्हरांड्यात चादर अंथरली, पण झोप कुठली? जमशेदजींनी एक लाख रुपये दिले, ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने तेवढेच घातले, आणि 1845 मध्ये इथे रुग्ण येऊ लागले. त्याच वर्षी शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. दादांची नळी बदलायला येणारी शिकाऊ डॉक्टर पोरगी तिथलीच. एवढ्याने अफू चांगली ठरत नाही. चीनमधल्या ज्या घरांत ती गेली, त्यांना इथल्या खाटांचा काय उपयोग? हे मी आजही म्हणेन. पण त्या रात्री कळलं की मला अफूची चीड कधी नव्हतीच. दुसऱ्याचं पाप मोठं दाखवलं की आपलं किरकोळ वाटतं, एवढाच माझा इतिहासाचा अभ्यास. त्यांच्या वहीत जमेला निदान एक दवाखाना होता. माझ्या वहीत गुटख्याचा नफा होता, आणि समोरचं पान कोरं.

इथे मी लिहायला हवं की नाशिकला परतल्यावर माळा उतरवल्या. नाही उतरवल्या. "आपण नाही ठेवल्या तर पलीकडचा ठेवेल," असं बायकोला सांगितलं. अफूच्या व्यापाऱ्यांनीही एकमेकांना याहून वेगळं काय सांगितलं असेल? माळा उतरल्या 2012 साली, राज्यात बंदी आली म्हणून.

दादा बरे होऊन आले. दुकानात कधी जे. जे.चा विषय निघाला, तर आता मी बोलत नाही. दारावरचा खिळा अजून तिथेच आहे. मुलगा त्याला शाम्पूच्या पुड्या टांगतो, आणि मी दरवेळी आधी वर बघतो.