कळव्याच्या डोंगरावर कोरियाचा हेर

ठाण्याची खाडी ओलांडली की कल्याणकडे जाणारी स्लो लोकल कळव्याला थांबते. उजव्या खिडकीतून पाहावे तर पारसिकचा डोंगर, आणि त्याच्या अंगावर एकावर एक चढत गेलेली घरे. खालच्याचे पत्रे वरच्याच्या उंबऱ्याला लागलेले. १९१६ साली सुरू झालेला पारसिकचा बोगदा याच डोंगरातून जातो. वर्षानुवर्षे डोंबिवली-कल्याणच्या फास्ट गाड्या त्या बोगद्यातून धडधडत जायच्या आणि आतल्या माणसांना आपल्या डोक्यावर चुली पेटल्या आहेत याचा पत्ता नसायचा. ही वस्ती पाहायची तर स्लो गाडीनेच यावे आणि कळवा पूर्वेला उतरावे.

भास्करनगर, वाघोबानगर, घोलाईनगर ही इथली नावे. बेलापूर रोडच्या कारखान्यांत, मुकंदमध्ये, मफतलालमध्ये, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कामाला आलेली माणसे खाली जागा मिळेना म्हणून वर चढली. कोणी बहात्तरच्या दुष्काळानंतर मराठवाडा सोडून आलेले, कोणी कोकणातले, कोणी उत्तर प्रदेशातले. पायऱ्या ज्याने त्याने आपापल्या घरापुरत्या बांधल्या, म्हणून एक पायरी वीतभर तर दुसरी गुडघाभर. गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन चढणाऱ्या पोराला विचारा! पावसाळ्यात तर जीव मुठीत. जुलै २०२१ मध्ये घोलाईनगरात दरड घरावर आली आणि एकाच कुटुंबातली पाच माणसे गेली. तेव्हापासून आभाळ भरले की आयाबाया आधी डोंगराकडे बघतात, मग दोरीवरच्या कपड्यांकडे.

वाचक बंधू-भगिनींनो, अशी डोंगरावरची वस्ती ही काही एकट्या कळव्याची गोष्ट नाही. दक्षिण कोरियाची राजधानी सोल. तिथे युद्धाने उघड्यावर पडलेली आणि पुढे साठ-सत्तरच्या दशकांत खेड्यांतून पोटासाठी आलेली माणसे अशीच टेकड्यांवर चढली. त्या वस्त्यांना कोरियन भाषेत ‘दालदोंगने’ म्हणतात. दाल म्हणजे चंद्र आणि दोंगने म्हणजे वस्ती. चंद्राजवळची वस्ती! नाव मोठे गोड, राहणाऱ्यांचे हाल मात्र आपल्यासारखेच.

आम्हाला हे एका मारामारीच्या सिनेमामुळे कळले. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या पोरापोरींना कोरियन सिनेमा आणि मालिकांचा नाद लागला तो आजपर्यंत सुटलेला नाही. मुली मालिका बघतात, मुलगे हेरांचे सिनेमे बघतात. आमच्या लहानपणी वस्तीत व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन सिनेमे लावायचे, त्यात एक ब्रूस ली नाहीतर जॅकी चॅनचा ठरलेला. ती जागा आता कोरियाने घेतली आहे, एवढेच. फरक इतका की तेव्हा सगळी चाळ एका पडद्यासमोर बसायची, आता प्रत्येकाचा पडदा त्याच्या मुठीत.

तरीही रविवारी दहावीच्या मुलांची शिकवणी आटोपून आम्ही उतरत होतो तेव्हा एका घरातून सगळ्यांचा मिळून आवाज आला. दहा बाय बाराची खोली, भिंतीवर टीव्ही, चटईवर आठ-दहा पोरे आणि मोरीच्या कट्ट्याला टेकून आजी. ‘‘सर, जयभीम, बसा ना,’’ म्हणून पोरांनी जागा केली. सिनेमा होता २०१३ सालचा ‘सीक्रेटली, ग्रेटली’. दिग्दर्शक जांग चोल-सू, नायक किम सू-ह्यून. सुमारे पाच कोटी लोकवस्तीच्या त्या देशात या सिनेमाची जवळजवळ सत्तर लाख तिकिटे खपली होती. बोलणे कोरियन, खाली इंग्रजी अक्षरे. बारावीतली नात ती अक्षरे वाचून आजीला मराठीत सांगत होती, आणि तिला धाप लागेल इतके भरभर सांगावे लागत होते.

गोष्ट अशी. उत्तर कोरियाच्या सैन्यातला एक कसलेला जवान दक्षिणेत हेर म्हणून पाठवतात. त्याला ना मंत्र्याच्या बंगल्यात जायचे, ना बॉम्ब ठेवायचा. सोलच्या डोंगरवस्तीत येडा बनून राहायचे, एवढेच काम. हिरवा ट्रॅकसूट घालून हिंडायचे, पायऱ्यांवरून मुद्दाम पडून दाखवायचे, लहान पोरांचा मार खायचा. वस्तीतली एक म्हातारी दुकानदारीण त्याला कामाला ठेवते. वर्षे जातात, वरून हुकूमच येत नाही. मागाहून त्याचे दोन साथीदार येतात, एक गवय्याच्या वेषात, एक शाळकरी मुलगा बनून. अखेर हुकूम येतो तो असा की, तुमची आता गरज नाही, स्वतःचा जीव घ्या. ऐकले नाही म्हणून ज्याने त्यांना शिकवले तोच अधिकारी त्यांना संपवायला येतो. (हा भाग कोवळ्या मुलांनी एकट्याने बघण्यासारखा नाही. आम्ही त्या घरी तसे स्पष्ट सांगितले. आईबापांनी शेजारी बसावे.)

पोरांचे लक्ष अर्थात हाणामारीकडे. एकेक झटापट दोन-दोनदा मागे नेऊन बघणे चालले होते. ‘‘ही उडी खरी की तारेवरची?’’ यावर दोघांचे भांडणही झाले. आजीचे लक्ष भलतीकडेच. ती म्हणाली, ‘‘ती बाई त्याला वरडती, पन ताट आधी त्याचंच वाढती, बघ.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘त्याचं खरं नाव तिला ठावं हाय का गं?’’ नातीने नाही म्हणताच आजी गप्प झाली. पुढची गोळाबारी तिने पाहिली नाही. ती तांदूळ निवडायला बसली.

आमच्यासारख्या बी.कॉम. झालेल्या कारकुनाला मात्र त्या सिनेमातले पासबुक विसरता येत नाही. दुकानदारीण त्या येड्याचा पगार गुपचूप बँकेत भरत असते. शेवटी ते पासबुक त्याच्या हाती असते. दर महिन्याची जमा, आणि नोंदींपाशी तिने दिलेले शब्द. आधी नुसता पगार. पुढे पुढे ‘आमचा’, मग ‘आमचा धाकटा मुलगा’, मग त्याच्या लग्नासाठी. कोसळत्या पावसात, मरणाच्या दारात तो हेर ते पान वाचतो. आम्ही हजारो नोंदी लिहिल्या असतील, पण जमेच्या रकान्यात रडू येईल असे काही आम्हाला ठाऊक नव्हते. पोरांपैकी सर्वांत दांडगट पोरगा तेवढ्यात पाणी प्यायला उठला, आणि माठाशी जरा जास्तच वेळ उभा राहिला.

सिनेमा संपल्यावर नातीने विचारले, ‘‘सर, हे दोघे एकाच भाषेचे, मग एवढे वैर का?’’ प्रश्न बरोबर होता. १९४५ साली जपानची सत्ता संपली तेव्हा ३८ व्या अक्षांशावर रेघ ओढून वरचा भाग रशियाने आणि खालचा अमेरिकेने ताब्यात घेतला. १९५० मध्ये युद्ध पेटले, २७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला. तह मात्र आजतागायत झालेला नाही. सख्खे भाऊ, आई-लेकरे रेघेच्या दोन बाजूंना राहिली. आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल की त्या युद्धविरामानंतर परत जायला तयार नसलेल्या बावीस हजारांवर युद्धकैद्यांची राखण भारतीय सैन्याने केली, आणि त्या दलाचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. कैद्यांपैकी ८८ जणांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि ते १९५४ मध्ये भारतात आले. त्यात बहुतेक कोरियन होते. ना उत्तर, ना दक्षिण! पोरे हे ऐकून सिनेमापेक्षा जास्त चकित झाली.

हेरही काही सगळे कल्पनेतले नाहीत. जानेवारी १९६८ मध्ये उत्तरेचे ३१ जवान दक्षिणेच्या राष्ट्राध्यक्षांना मारण्यासाठी सोलमध्ये शिरले. त्यातला किम शिन-जो जिवंत पकडला गेला. पुढे तो दक्षिणेतच राहिला, धर्मोपदेशक झाला आणि २०२५ मध्ये वारला. १९९९ साली आलेला ‘शिरी’ हा हेरांचाच सिनेमा. त्याने कोरियात ‘टायटॅनिक’चा विक्रम मोडला. तिथल्या प्रेक्षकाला यात घरचे दुःख दिसते.

कळव्याहून पुन्हा गाडी धरली. मुंब्रा, दिवा, कोपर आणि मग डोंबिवली. या स्टेशनाचे नाव सिनेमाला देणारे दिग्दर्शक निशिकांत कामत कोरियन सिनेमाच्या वाटेलाही गेले होते, ही गोष्ट डोंबिवलीतसुद्धा फारसे कोणी काढत नाही. त्यांचा ‘डोंबिवली फास्ट’ २००५ सालचा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. त्यातला माधव आपटे हा बँकेतला नोकरदार, संदीप कुलकर्णींनी केलेला. पुढे २५ मार्च २०१६ रोजी कामतांचा ‘रॉकी हँडसम’ हा हिंदी सिनेमा आला, जॉन अब्राहमला घेऊन. तो २०१० च्या ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’ या कोरियन सिनेमाचा रीतसर हक्क घेऊन केलेला नवा अवतार. गहाणवटीचे दुकान चालवणारा एक अबोल माणूस, शेजारची एकाकी मुलगी, आणि तिला गुंडांनी पळवल्यावर उघड होणारे सत्य की हा पूर्वीचा सरकारी गुप्त जवान आहे. कामतांनी सोल काढून गोवा घातला आणि खलनायकाचे काम स्वतः केले. मूळ सिनेमा त्या वर्षीच्या कोरियन सिनेमांत सर्वांत जास्त चालला. हिंदीतला तितका चालला नाही. आमच्या मते त्यात नायकाचे दंड जास्त दिसले आणि दुकानातला एकटेपणा कमी. कामत १७ ऑगस्ट २०२० रोजी हैदराबादला वारले. वय अवघे पन्नास.

या दोन सिनेमांत आम्हाला एक गंमत वाटते. आपटे काहीही लपवत नाही. नाव, आडनाव, बँक, बिल्डिंग, सगळे उघड. तो चिडतो तेही आडनावासकट चिडतो. दुसरा माणूस मात्र सगळे लपवून बसलेला. डोंबिवलीच्या एकाच गाडीत हे दोन्ही तऱ्हेचे लोक रोज शेजारी उभे असतात.

आमच्या कचेरीतले एक सहकारी त्यातले दुसऱ्या तऱ्हेचे. २००६ च्या सुमारास ते डोंबिवलीत भाड्याची खोली शोधत होते. एजंट पहिला प्रश्न विचारी आडनावाचा, दुसरा मासे-मटणाचा. चार ठिकाणी ‘‘कळवतो’’ असे उत्तर आले आणि कोणी कळवले नाही. पाचव्या ठिकाणी त्यांनी गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव सांगितले. खोली मिळाली. अकरा वर्षे काढली तिथे. बाबासाहेबांची तसबीर कपाटाच्या दाराला आतून लावलेली. १४ एप्रिलला ‘‘ऑफिसचे काम’’ सांगून पांढरे कपडे पिशवीत घालून निघायचे. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ सालचा. त्यानंतर चार दशकांवर वर्षे उलटली होती आणि आमचा मित्र डोंबिवलीत तोच धंदा करत होता.

आता ते कल्याण पूर्वेला स्वतःच्या घरात राहतात, दारावर पूर्ण आडनाव आहे. आम्ही त्यांना हा सिनेमा बघायला सांगितला. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे गेलो तर दोघा नवरा-बायकोने तो मुलासोबत पाहिला होता. मुलगा म्हणाला, ‘‘फायटिंग भारी.’’ आमच्या मित्राने मात्र वेगळीच जागा धरली होती. ते तिघे हेर एकटे असले की आपल्या उत्तरेकडच्या बोलीत बोलतात आणि कोणी आले की झटकन बोली बदलतात, ती जागा. ‘‘मला त्या खोलीत गावाकडून फोन आला ना,’’ ते म्हणाले, ‘‘की मी मोठ्याने ‘नमस्कार, बोला’ म्हणायचो आणि चप्पल घालून तीन मजले खाली उतरायचो. रस्त्यावर आल्यावर ‘जयभीम’. भावाला वाटायचे, याच्या घरात रेंज नाही.’’ वहिनी हसल्या. मग म्हणाल्या, ‘‘आणि मला शेजारीण म्हणायची, तुमचे मिस्टर फोनवर चालत का बोलतात?’’

मुलगा तेव्हा सहा-सात वर्षांचा होता. त्याला यातले काही ठाऊक नव्हते. तो मोबाईल खाली ठेवून ऐकत होता. ‘‘माझे शाळेत कुठले आडनाव होते?’’ त्याने विचारले. ‘‘खरेच होते,’’ वडील म्हणाले. ‘‘म्हणून तुला मुद्दाम लांबच्या शाळेत घातले. रिक्षाचे पैसे जायचे.’’

आम्हाला त्या हेरात आणि आमच्या मित्रात एक भेद दिसतो तो इथेच लिहून टाकतो. हेराला त्याच्या सरकारने पाठवले होते आणि काम फत्ते झाले तर वीर म्हणून परत नेण्याचे वचन होते. आमच्या मित्राला कोणी पाठवले नव्हते. त्यांना सकाळची ७.४० पकडायला स्टेशनजवळ खोली हवी होती.

मग विषय पासबुकाकडे वळला. मित्रही आमच्यासारखेच हिशेबातले. त्यांचा मुद्दा असा की खाते त्या येड्याच्या खोट्या नावाने असेल तर तो गेल्यावर पैसे काढणार कोण? मृत्यूचा दाखला कुठल्या नावाचा आणायचा? आम्ही म्हणालो, म्हातारीने खाते स्वतःच्या नावावर ठेवले असणार, म्हणजे प्रश्नच नाही. ते म्हणाले, तसे असेल तर नॉमिनी लावला असेल काय? वहिनींनी चहाचे कप उचलता उचलता मुलाला म्हटले, ‘‘बघ, तो बिचारा मेला तरी हे दोघे त्याचे फॉर्म भरत बसलेत.’’